भाग दोनमधली आमची म्हैस

एकच सिनेमा माणसानं किती वेळा बघावा, याला काही सुमार आहे की नाही? माझ्या वडिलांना नाही. बरं, सिनेमा चांगला असता तर मी तोंड उघडलं नसतं. पण हा तो चांगला सिनेमा नव्हेच. हा त्या चांगल्या सिनेमाचा दुसरा भाग.

पहिला भाग खरोखर गोड होता. साधी गोष्ट, सहा गाणी, सहाही पहिल्यांदा ऐकताच तोंडात बसणारी. शेवटी दुष्ट पाटील विहिरीत पडून मरतो आणि नायक-नायिकेचं लग्न लागतं. इथं सगळं संपलं होतं. पण सिनेमा तुफान चालला आणि काढणाऱ्याच्या डोक्यात किडा वळवळला. झालं, दुसरा भाग आला. त्यात नायिका वेगळीच आहे. नायकाला, त्याच्या आईला, गावाला, कोणालाच ते कळत नाही. नायक तोच आहे, पण डोक्यावर टोप आहे आणि नाचताना तो एका हातानं सारखा टोपाशी चाळा करतो. विहिरीत मेलेला पाटील पहिल्याच गाण्यात ठणठणीत नाचताना दिसतो. तो कसा वाचला, हे अडीच तासांत कोणी विचारत नाही. गाणी तर अकरा! भावाला अपघात झाल्याची चिठ्ठी येते, नायक ती वाचतो, डोळे पुसतो आणि पुढच्या मिनिटाला तळ्याकाठी गात सुटतो.

मी गणिताची शिक्षिका आहे. कोल्हापुरात राहते, रोज सकाळी एसटीनं जयसिंगपूरच्या शाळेत जाते आणि संध्याकाळी पेपरांचे गठ्ठे घेऊन परत येते. चुका काढणं हे माझं कामच. त्यामुळे हा सिनेमा लागला की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. आणि त्याहून चीड कशाची येते सांगू? मला ती अकराच्या अकरा गाणी पाठ आहेत. पेपर तपासताना कधीकधी तिसरं गाणं आपोआप गुणगुणायला लागते आणि मग माझाच मला राग येतो. लहानपणापासून दर रविवारी जे कानावर आदळलं ते असं आत जाऊन बसलंय. आधी कॅसेट, मग सीडी, मग केबल, आता मोबाइलवरून टीव्हीवर. यंत्रं बदलली, पण आबांनी सिनेमा बदलला नाही.

आबा म्हणजे माझे वडील. त्यांच्या या वेडाचं कारण चौथ्या गाण्यात आहे. भावाच्या अपघातानंतरचं ते तळ्याकाठचं गाणं. त्यात आमची म्हैस आहे.

तेव्हा आबांच्या चार म्हशी होत्या. संध्याकाळी त्या चौकात न्यायच्या, गिऱ्हाइकासमोर धार काढायची आणि फेसाळता पेला तिथंच हातात द्यायचा, हा आमच्या घरचा धंदा. दिवाळीच्या पाडव्याला गावभरच्या म्हशी नटवून मिरवायला काढतात, तेव्हा आमची थोरली बघायला लोक थांबायचे. तिची शिंगं मागं वळून मानेपर्यंत आलेली, अंग तेल लावून काळंभोर चमकणारं. मिरवायला काढण्याआधी शिंगांना ताजा रंग हवा, हा आमच्याकडचा रिवाज. पाडव्यानंतरही चार घरी दाखवायला न्यायची म्हटलं, तरी आबा पुन्हा ब्रश घेऊन बसत. कालच्या रंगात म्हैस बाहेर काढणं त्यांना चुरगळलेल्या कपड्यात वरातीला गेल्यासारखं वाटे.

तर त्या वर्षी पाडव्यानंतर थोड्याच दिवसांत सिनेमावाले आले. चौकात दूध प्यायले, थोरलीची लाल शिंगं पाहिली आणि कळंब्याच्या तळ्याकाठी गाणं घ्यायचंय, दोन दिवस म्हैस आणा म्हणाले. आबांना वर एक वाक्यसुद्धा दिलं. गाण्याच्या मध्ये नायक-नायिका वाटेत उभे राहून एकमेकांकडे बघत बसतात, तेव्हा आबांनी म्हैस घेऊन यायचं आणि म्हणायचं, "पावणं, वाटंतनं बाजूला व्हा, म्हस बुजतीया!" मग नायक-नायिका लाजून बाजूला होणार आणि दुसरं कडवं सुरू होणार. ते वाक्य दुसऱ्या दिवशी घ्यायचं ठरलं. आई सांगते, त्या संध्याकाळी आबांनी म्हशींना चारा घालताना ते शंभरदा म्हटलं आणि रात्री झोपेतही म्हटलं.

मला त्या शूटिंगचं फारसं आठवत नाही. मी पाच वर्षांची होते. नायिकेची चमचमती ओढणी, कोणीतरी हातावर ठेवलेला बुंदीचा लाडू, एवढंच. आणि आईनं रॉकेलचा बोळा घेऊन माझे हात खसाखसा घासले होते आणि मी भोकाड पसरलं होतं, तेही तेव्हाचंच आठवतं. पण ते पाडव्याचं असणार. पाडव्याला मी रंगाच्या डब्यात हात घालायचेच.

बाकीची हकिकत आबांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलीय की मीच तिथं उभी होते असं वाटतं. पहिल्या दिवशी थोरली नायिकेच्या मागून एक पाऊल चालेना. तिला सवय आबांच्या मोटारसायकलीमागं पळायची. मग आबांनी कॅमेऱ्याच्या बाहेर मोटारसायकल चालू केली आणि त्या आवाजामागं म्हैस, म्हशीपुढं नायिका, अशी वरात निघाली. नीट पाहिलं तर दुसऱ्या ओळीला पडद्याच्या कोपऱ्यात निळसर धूर दिसतो. लोकांना ते धुकं वाटतं.

पण खरी शोभा पुढे आहे. पहिल्या दिवशी म्हशीची शिंगं लाल होती. "उद्या सगळं अस्संच पाहिजे," असं बजावून सिनेमावाले गेले. दुसऱ्या दिवशी म्हैस आली ती हिरव्या शिंगांची. गडबडीत दुपारपर्यंत कोणाच्या ध्यानात आलं नाही. आलं तेव्हा अर्धं गाणं घेऊन झालं होतं आणि नायिका संध्याकाळच्या गाडीनं जाणार होती. सगळं परत घेणं शक्यच नव्हतं. त्यामुळे आज त्या गाण्यात एका ओळीला शिंगं लाल, पुढच्या ओळीला हिरवी, पुन्हा लाल, असा खेळ चालतो. बरं, हिरवी तरी धड रंगवायची! बुडखा हिरवा, टोकं लालच राहिलेली आणि एक ओघळ कपाळावर. दिग्दर्शकानं म्हणे तळ्याच्या पलीकडच्या काठाला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "हे कुणी केलं?" आबा म्हणाले, "म्या." दिग्दर्शकानं तिथल्या तिथं आबांचं वाक्य काढून टाकलं.

मोठी झाल्यावर या एका गोष्टीवरून मी आबांना किती छळलंय त्याला हिशेब नाही. घरी पाहुणे आले की मीच ते गाणं लावायचे. "बघा, आमच्या आबांची करामत. सिग्नलसारखी शिंगं." आबा हसायचे आणि ठरलेलं उत्तर द्यायचे, "मिरवायला काढलेली म्हस रोज त्याच रंगात न्हेत्यात व्हय?" आई मात्र उठून आत जायची. मला वाटायचं, तिलाही या सिनेमाचा माझ्याइतकाच वैताग आलाय.

त्यावर कळस म्हणजे ते वाक्य. ते सिनेमात नाही. तिथं नायक-नायिका उगाचच लाजून बाजूला होतात, का ते कळत नाही, आणि आमची म्हैस जाते. पण ती जागा आली की आबा आपल्या खुर्चीतून खड्या आवाजात म्हणणारच, "पावणं, वाटंतनं बाजूला व्हा, म्हस बुजतीया!" दर वेळी. चहाचा कप हातात असला तर चहा सांडून. मी डोक्याला हात लावायचे.

असं सगळं चाललेलं असताना गेल्या महिन्यात माझा एक जुना विद्यार्थी भेटला. तो आता कोल्हापुरात कॉलेजला आहे आणि तिथल्या पोरांनी सिनेमे दाखवायचं मंडळ काढलंय. रविवारी सकाळी कॉलेजच्या हॉलमध्ये आमचा हा सिनेमा दाखवणार होते. त्यांच्या कार्यक्रमाचं नाव होतं 'फसलेले दुसरे भाग'. म्हशीचे मालक हयात आहेत आणि ते बाईंचे वडील आहेत, हे कळल्यावर तर पोरं हरखलीच. आबांना स्टेजवर बोलवायचं, चार प्रश्न विचारायचे असा त्यांचा बेत.

मी साफ नाही म्हणाले. घरात मी हसते ते वेगळं. मी त्यांची मुलगी आहे, मला तो हक्क आहे. पण दोनशे पोरं शिट्ट्या मारत माझ्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बापाला हसणार आणि तो स्टेजवर टोपी सावरत उभा राहणार, हे मला बघवणार नव्हतं. पण तो पठ्ठ्या परस्पर आबांकडे गेला. मी संध्याकाळी घरी पोचले तर आबा पांढरा शर्ट इस्त्रीला काढून बसलेले.

"आबा, तुम्ही जायचं नाही. ती पोरं टिंगल करायला बोलावतायत. कार्यक्रमाचं नावच 'फसलेले' आहे."

"फसलेलं असूं दे की. मोठ्या पडद्यावर बघायला मिळतंय न्हवं? थेटरातनं गेल्यापास्नं मोठा पडदा कुठं दिसलाय मला?"

"तुम्हाला हसतील."

"हसू दे. सिनेमा हसायसाठीच अस्तुय."

रविवारी मी रिक्षा केली आणि गेले त्यांच्याबरोबर. आई गुडघ्यामुळे आली नाही.

हॉल भरला होता. पोरं पहिल्या दृश्यापासून जी हसायला लागली ती थांबेचनात. नायकाचा टोप दिसला की टाळ्या, पाटील नाचायला लागला की बाकं बडवणं. खोटं कशाला बोलू, मीही दोन-तीनदा हसले आणि सहाव्या ओळीतल्या पोरी तिसरं गाणं म्हणायला लागल्या तेव्हा त्यांच्या सुरात सूरही मिसळला. एवढं वाईट गाणं दोनशे जणांनी मिळून म्हटलं की बरं वाटतं, हे मला ठाऊक नव्हतं. मग चौथं गाणं आलं. लाल शिंगं. हिरवी शिंगं. हॉल डोक्यावर घेतला पोरांनी. लाल आलं की एका बाजूचे ओरडत, हिरवं आलं की दुसऱ्या बाजूचे. मी आबांकडे बघायचं टाळलं. आणि ती जागा आली. आबा उभे राहिले. शेजारी बसलेल्या मला त्यांचा शर्ट ओढायलाही वेळ मिळाला नाही.

"पावणं, वाटंतनं बाजूला व्हा, म्हस बुजतीया!"

मग असा हशा उसळला की पुढचं कडवं ऐकूच आलं नाही. मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

सिनेमा संपल्यावर त्यांना स्टेजवर नेलं. माझ्याच विद्यार्थ्यानं माइकवरून विचारलं, "आबा, सगळ्यांना एकच प्रश्न पडलाय. शिंगं कोणी रंगवली?"

"म्या रंगीवली."

"पण 'उद्या अस्संच पाहिजे' म्हणून बजावलं होतं ना?"

"बजावलं हुतं की."

"मग?"

"चूक झाली," आबा हसून म्हणाले. "पर बघायला ग्वाड दिसत न्हाय व्हय?"

पुन्हा हशा, टाळ्या. त्यांना नारळ आणि शाल दिली. ते खूश होते. मी नव्हते. रिक्षात बसल्या बसल्या माझा बांध फुटला. इतकी वर्षं घरात हसं करून घेतलं ते पुरलं नाही का? आता चारचौघांत जाऊन 'चूक झाली' सांगायची हौस कशाला? आणि ते वाक्य! जे वाक्य सिनेमात नाही, ते लोकांत उठून ओरडायचं? "आबा, ते वाक्य परत कधी म्हणू नका," मी म्हणाले. चांगलंच तोडून म्हणाले. आबा शालीच्या घडीवरून हात फिरवत राहिले.

घरी आई लसूण सोलत बसली होती. मी चप्पल काढता काढताच तिला सगळं सांगितलं. हॉल, शिट्ट्या, स्टेज. आणि 'म्या रंगीवली'.

आईनं लसणीची पाकळी ताटलीत आपटली. "परत सोत्तावर घेतलं?" ती आबांना म्हणाली. "आता म्हातारं झालासा, आता तरी पुरं करा की!"

"गप बस," आबा म्हणाले.

"का गप बसू? लई वर्सं बसली." मग ती माझ्याकडे वळली. "अगं, शिंगं तू रंगीवलीस."

मला आधी काही कळलंच नाही. आई सांगत गेली. पहिल्या दिवशी तळ्यातनं परत आल्यावर म्हैस गोठ्याच्या खांबाला शिंगं घासत बसली आणि लाल रंगाचे टवके उडाले. सकाळी आबा तिघींच्या धारा काढत होते, आई चूल पेटवत होती. मी पाडव्याचा उरलेला हिरवा डबा शोधून काढला आणि बसलेल्या म्हशीपुढं उभी राहून शिंगं रंगवली. मिरवायला जायचं तर ताजा रंग हवा, हे आबांकडूनच शिकलेले. थोरली मला काही करायची नाही, मान हलवली नाही तिनं. आबा येईपर्यंत सगळं झालं होतं. पुसायला वेळ नव्हता, सिनेमावाल्यांची गाडी दारात उभी.

"आणि तिथं तो बाप्या वरडाय लागला, कुणी केलं म्हणून," आई म्हणाली. "तू माज्या पदरामागं. हात हिरवंगार. ह्यांनी तुज्याकडं बघितलं आणि म्हणालं, म्या. तिथंच ह्यांचं ते वाक्य गेलं. घरी येऊन म्या रॉकेलनं तुजं हात घासलं. ह्यांनी मला शपथ घातली, पोरीला कळू द्यायचं न्हाय. मनाला लागंल, परत रंगाला हात लावायची न्हाय म्हणालं. आणि तू मोठी होऊन पावण्यांम्होरं त्यांनाच हसायला लागलीस. माज्या जिवाची कशी आग व्हायची, मलाच ठावं."

म्हणून ती उठून आत जायची.

मला भयंकर राग आला. आबांचा आला, कारण सांगितलं असतं तर मी इतकी वर्षं अशी वागले नसते. आईचा आला, कारण शपथ कसली पाळायची असल्या गोष्टीत? आणि स्वतःचा तर विचारू नका. दुसऱ्याच्या वहीतल्या चुकांवर लाल शेरे मारत जन्म गेला आणि ही सगळ्यात गाजलेली चूक माझ्याच हातची. "आबा, सांगायला काय झालं होतं तुम्हाला?" मी जवळजवळ ओरडलेच.

"काय सांगायचं त्येच्यात?" आबा खुर्चीत बसत म्हणाले. "चांगली रंगीवलीस की. लई देखणी दिसती. म्हणून तर बघतुय मी."

त्यांनी टीव्ही लावायला सांगितलं. हॉलमधल्या दंग्यात गाणं नीट ऐकूच आलं नाही म्हणाले. मी मुकाट्यानं चौथं गाणं लावलं. कोपऱ्यातला धूर आला. लाल शिंगं आली. मग हिरवी आली आणि मी आयुष्यात पहिल्यांदा ती नीट बघितली. बुडखा गच्च हिरवा, मन लावून दोन-दोन हात दिलेला. वर जाता जाता रंग विरळ होतो आणि टोकाआधी संपतो. टोकं माझ्या हाताला पोचली नव्हती. कपाळावरचा ओघळ पुसायचा प्रयत्न केलेला दिसतो, चार बोटांचा फराटा आहे तिथं. मी इतकी वर्षं तो घाण म्हणून दाखवत होते.

नायक-नायिका वाटेत उभे राहिले. एकमेकांकडे बघायला लागले. मी आबांकडे पाहिलं. ते समोर बघत होते, शाल अजून मांडीवर, तोंड घट्ट मिटलेलं. मी रिक्षात 'म्हणू नका' म्हणाले होते ना. ते ऐकणारे निघाले, नेमके आजच! म्हैस पावला-पावलानं पुढे येत होती. तिकडे आई लसूण सोलायची थांबली. जागा निघून चालली होती.

"पावणं," मी म्हणाले, "वाटंतनं बाजूला व्हा, म्हस बुजतीया."

नायक-नायिका लाजून बाजूला झाले. आमची म्हैस गेली.

आबांनी मान हलवली. "एवढं बारीक न्हाय म्हणायचं," ते म्हणाले. "पलीकडच्या काठाला ऐकू गेलं पायजे. माघारी घे, परत म्हण."